अडलेला काटा

पालिताण्याच्या तळेटीवर पहाटेच्या अंधारात दोन डोलीवाल्यांनी माझ्याकडे पाहिले, मग एकमेकांकडे पाहिले, आणि त्यांतला वयस्कर माणूस अतिशय सौजन्याने म्हणाला, "बेन, दोघांना झेपायचे नाही. चौघे लागतील." २०२२ सालच्या कार्तिकी पौर्णिमेनंतरची ती यात्रा. चातुर्मासात शत्रुंजयाची यात्रा बंद असते, त्यामुळे त्या दिवसांत तिथे माणसांचा पूर लोटतो. आमच्या मागे पुण्या-सोलापूरचे निम्मे नातेवाईक रांगेत उभे होते. सत्त्याहत्तर वर्षांच्या सासूबाई दोघांच्या डोलीत बसल्या आणि एक्कावन्न वर्षांची मी चौघांच्या. साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्या मी त्या चौघांच्या खांद्यांवरून चढले. वर आदिनाथ भगवंतांसमोर हात जोडले तेव्हा ओठांवर स्तवन होते, पण कानांत त्या चार माणसांचे धापा टाकणेच घुमत होते.

मी बार्शीच्या एका आडत व्यापाऱ्याच्या घरची सून. खाली दुकान, वर घर. कोणते पोते एकट्या हमालाचे आणि कोणत्या ओझ्याला दोघे लावायचे, हा हिशेब गेली अठ्ठावीस वर्षे वरच्या खिडकीतून माझ्या कानांवर पडत आला आहे. तो हिशेब स्वतःविषयी ऐकण्याचा प्रसंग मात्र पहिलाच होता.

घरी आल्यावर रक्त तपासून घेतले. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी एचबीए१सी नावाची तपासणी ६.३ आली. ५.७ च्या खाली निर्धास्त, ६.५ पासून मधुमेह. मी उंबरठ्यावर उभी होते. माझ्या आईने हा उंबरठा कधी ओलांडला ते आम्हा कोणालाच कळले नाही. कळले तेव्हा पायाची जखम भरत नव्हती. आधी एक बोट गेले, मग घोट्याच्या वरून पाय. शेवटची चार वर्षे ती करमाळ्याच्या घरात खिडकीपाशी बसून होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवून जाण्याचा आग्रह करत होती. तेव्हा माझे वजन ७९ किलो होते. आईचेही जवळपास तेवढेच असावे.

पहिले पाच महिने सोपे गेले. हे वाक्य लिहिताना मलाही हसू येते, पण ते खरे आहे. साखर सोडली, फरसाणाचे डबे वरच्या फळीवर गेले, पहाटे भगवंत मैदानाकडे फिरायला जाऊ लागले. डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी सांगितलेली दिवसातून दोनच वेळा जेवण्याची पद्धत तेव्हा आमच्या गल्लीत घरोघरी चालू होती. सासूबाईंना ती समजावून सांगितली तर त्या म्हणाल्या, "म्हणजे बियासणेच की! त्यात नवीन काय?" मीही रोजचे बियासणे धरले. घरात वजनाचा वेगळा काटा नव्हता. हमाल यायच्या आधी, सकाळी सहाला, खाली जाऊन मी दुकानाच्या काट्यावर उभी राही. ७९, ७७, ७५. मेअखेर ७२. बायका विचारू लागल्या, ब्लाउज सैल झाले, आणि मला वाटले की हा आता उताराचा रस्ता आहे. आणखी दहा किलो दिवाळीपर्यंत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात काटा ७१.९ वर थांबला, आणि थांबला तो थांबलाच. जेवण तेच, फिरणे तेच, संयम तोच, उलट अधिक. जून गेला, आषाढ लागला, सतींचा चातुर्मास-प्रवेश झाला, आणि मी ७१.९. कधी ७२.१, कधी ७१.८. वाढ नाही, घट नाही. माणसाला अपयश सोसता येते. पण श्रम चालू आणि फळ बंद, हे सोसायला वेगळीच छाती लागते. व्यापारी घरांना मंदी ठाऊक असते. दुकान रोज उघडायचे, झाडायचे, अगरबत्ती लावायची आणि गिऱ्हाइकाची वाट पाहायची. पण तिथे निदान शेजारची दुकानेही ओस असतात. माझी मंदी एकटीची होती.

एके दिवशी मी यजमानांना म्हणाले, "अहो, काटा बिघडला आहे का हो?"

यांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते पाहून मला माझे शब्द परत घ्यावेसे वाटले. दुकानाच्या काट्यावर वैधमापन खात्याचा दरवर्षीचा शिक्का असतो, हे मला का माहीत नव्हते? आणि कूटतोल-कूटमाप हा श्रावकाच्या तिसऱ्या व्रताचा अतिचार. माझे सासरे त्याविषयी इतके कडक होते की पावसाळ्यात दिवसातून दोनदा काटा तपासत. हे काही बोलले नाहीत. विसाची दोन वजने उचलून काट्यावर ठेवली. आकडा उमटला: ४०.००. मग ती खाली ठेवून मला म्हणाले, "आता तू उभी राहा." ७१.९.

मग मात्र त्यांना माझी दया आली असावी. पोत्यावर बसून त्यांनी मला आपल्या धंद्यातली गोष्ट सांगितली. "दसऱ्याच्या सुमारास ओले सोयाबीन येते. ओलावा अठरा. वाळवून बारावर आणायचे. पन्नास किलोमागे तीन-साडेतीन किलो घट पहिल्या चार उन्हांतच होते. शेतकऱ्याला वाटते, ऊन देत राहिलो तर घटतच जाईल. पण बारावर आल्यानंतर तेच ऊन, तेच अंगण, आणि काटा हलत नाही. माल बिघडला का? नाही. जे पाणी सहज जायचे होते ते गेले, एवढेच."

पुण्याला फिजिओथेरपी शिकणाऱ्या माझ्या मुलीने हीच गोष्ट तिच्या भाषेत सांगितली. शरीर जी साखर साठवून ठेवते तिच्याबरोबर तिच्या सुमारे तिप्पट पाणी धरून ठेवते. खाणे कमी केल्यावर पहिली घट होते ती बरीचशी त्या पाण्याची. पुढे खरी चरबी जाऊ लागते, पण तिथे दुसरा हिशेब सुरू होतो. लहान झालेल्या देहाला इंधन कमी लागते. अमेरिकेतील केविन हॉल यांच्या अभ्यासानुसार घटलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा रोजचा खर्च वीस-तीस उष्मांकांनी उतरतो आणि भूक मात्र शंभरेक उष्मांकांनी वाढते. माझे सात किलो घटले होते. म्हणजे खर्च दीड-दोनशेने कमी आणि भूक सातशेने जास्त! ही भूक पोटात कळ येऊन बोलत नाही. ती हात चुकून डब्याकडे नेते.

"आणि वयाचे काय?" मी विचारले. कारण माझ्या वयाच्या सगळ्या मैत्रिणींचे एकमत होते, की पाळी थांबली की सारे संपते, मग काही होत नसते. मुलीने २०२१ साली 'सायन्स' नियतकालिकात आलेला हर्मन पॉन्टझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास सांगितला. आठ दिवसांच्या बाळापासून पंच्याण्णव वर्षांच्या वृद्धांपर्यंत ६४०० हून अधिक माणसांची मोजणी केली, आणि देहाच्या आकारमानाचा हिशेब धरला तर विसापासून साठीपर्यंत शरीराचा इंधनखर्च जवळजवळ स्थिरच राहतो असे दिसले. बदलते ते हे, की स्नायू झिजत जातात, चरबी कमरेवर गोळा होते आणि आपण बसून राहतो. मला हे ऐकून आधी रागच आला. वयाची सबब किती उबदार होती!

आता जे लिहायचे आहे ते लिहू की नको, असा विचार मी पुष्कळ दिवस केला.

त्या वर्षी पर्युषणात मी तेला केला. उपवास मी लहानपणापासून करत आले आहे. यात नवल नाही. पण या वेळी पच्चक्खाण घेताना माझ्या मनात काय होते ते मलाच ठाऊक होते. अडलेला काटा या तीन दिवसांत हलेल, असे मी मनाशी योजले होते. तिसऱ्या दिवशी, संवत्सरीच्या सकाळी, घर अजून झोपेत असताना भिंतीला धरून मी जिना उतरले आणि काट्यावर उभी राहिले. ६९.३. मी अंधारात एकटीच हसले.

संध्याकाळी प्रतिक्रमणात अतिचार वाचले जात होते. तपाचे अतिचार आले आणि मला वर बघवेना. तपाच्या बदल्यात ऐहिक फळ मागणे याला आपल्याकडे निदान म्हणतात आणि ते शल्य मानले आहे. हे मी पाठशाळेत मुलांना शिकवलेले. पारण्याच्या दिवशी सासूबाईंनी सगळ्यांसमोर मला मुगाचे पाणी पाजले, जाऊबाईंनी हार घातला. तो हार मला आजही आठवतो. आठव्या दिवशी काटा पुन्हा ७१.८. गेले होते ते पाणी, ते परतले. चरबीने तर जागाही सोडली नव्हती.

त्यानंतर मी महिनाभर काट्याकडे फिरकले नाही, आणि खरे सांगायचे तर प्रयत्नही सोडून दिल्यासारखेच होते. फिरायला जाणे तेवढे राहिले, कारण बरोबरच्या दोघी दाराशी येऊन हाक मारत. मध्यंतरी एका व्याख्यानात साध्वीजींनी ऊनोदरीचा विषय घेतला. शास्त्रात पुरुषाचा पूर्ण आहार ३२ कवळांचा आणि स्त्रीचा २८ कवळांचा मानला आहे. त्याहून एक कवळ कमी घेतला तरी ते ऊनोदरी तप. मी शेकडो वेळा ऐकलेले. पण त्या दिवशी एक गोष्ट टोचली. उपवासाला पारणे असते, वरघोडा असतो, हार असतो. सत्ताविसाव्या कवळावर थांबणाऱ्याकडे कोण पाहते? शेजारी जेवणाऱ्यालाही ते कळत नाही. आणि उद्या ते पुन्हा करायचे असते.

घरी येऊन मी दुकानातली एक जुनी रोजमेळाची वही घेतली आणि तोंडात जाणारा प्रत्येक जिन्नस लिहू लागले. मुलीने हे कधीपासून सांगितले होते; मला तो पोरखेळ वाटे. मी काय खाते ते मला ठाऊक नाही का? दहा दिवसांनी वही चाळली तेव्हा कळले की नव्हते ठाऊक.

जैन घरातल्या गृहिणींना हे वेगळे सांगायला नको. आमच्याकडे चौविहार आहे. सूर्यास्ताच्या आत सगळ्यांची जेवणे, त्यानंतर पाणीही नाही. रात्र उलटलेले ओले अन्न अभक्ष्य. म्हणजे उरलेली डाळ, खिचडी, भाजी सकाळसाठी ठेवण्याची सोय नाही. पोळ्यांचे खाकरे भाजता येतात, खिचडीचे काय करणार? कामाच्या बाई चारला निघून जातात, गाय सकाळी येते. टाकणे हे तर पाप. थाळी धुऊन पिणारी माणसे आम्ही. मग सूर्य मावळायला दहा मिनिटे उरलेली असताना, स्वयंपाकघरात उभ्यानेच, पातेले आणि चमचा हातात घेऊन, घरातली बाई ते संपवते. माझ्या सासूबाईंनी संपवले, माझ्या आईने संपवले, आणि मी संपवत होते. त्याला कोणी जेवण म्हणत नाही, म्हणून ते माझ्या बियासण्यातही धरले जात नव्हते. वहीत मात्र रोज उतरले होते: वाटीभर खिचडी, तिच्यावरचे तूप, कधी अर्धी पोळी, तळाशी उरलेली कढी. तीनशेच्या आसपास उष्मांक. माझ्या अडलेल्या काट्याचे अर्धे उत्तर त्या पातेल्यात होते.

उपाय उघड होता: स्वयंपाकच मोजून करायचा. पण हा उपाय माझ्या देहापेक्षा आमच्या घराच्या स्वभावाला अधिक अवघड गेला. आडत्याच्या घरी अवेळी माणूस येतो. शेतकरी येतो, लातूरचा व्यापारी येतो, दलाल येतो. 'कमी पडले' हा शब्द या घरात कधी उच्चारला गेला नव्हता. मी कणकेचे एक माप कमी केले त्या दिवशी सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण परातीकडे दोनदा पाहून गेल्या.

आणि मग एकदा खरोखरच कमी पडले. डिसेंबरचे दिवस, सूर्य सहालाच बुडायचा. सव्वापाचला लातूरचे एक व्यापारी आपल्या मुलासह दारात उभे. घरात पाच माणसांचा नेमका स्वयंपाक. माझे हात गार पडले. सासूबाई उठल्या, डब्यातून पापड काढले आणि दहा मिनिटांत पापडाची भाजी केली; मी कुकर चढवून खिचडी टाकली. पाहुणे सूर्यास्ताच्या आत पोटभर जेवले आणि भाजीची रीत विचारून गेले. रात्री सासूबाई माळ घेऊन बसल्या होत्या. मी समोर जाऊन उभी राहिले. त्या म्हणाल्या, "पन्नास वर्षांत असे झाले नव्हते." मी मान खाली घातली. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण आज पातेलेही रिकामे होते. तुला उभ्याने खावे लागले नाही." आणि मग, माळेचा मणी थांबवून, "मी चाळीस वर्षे उभ्याने खाल्ले."

एवढे झाल्यावर काटा धडधडत खाली आला असेल असे वाचकांना वाटेल. नाही आला. मार्चपर्यंत ७०.६, म्हणजे सव्वा किलो. मला पुन्हा तेच निराशेचे दिवस दिसू लागले होते, इतक्यात वर्षाची रक्ततपासणी झाली. एचबीए१सी ५.८. कमर ९९ सेंटिमीटरवरून ९१ वर. आमच्या डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि मला चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या अभ्यासाविषयी सांगितले. २००६ साली तो प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांना घेऊन त्यांनी तीन वर्षे पाहणी केली. ज्यांनी नेहमीचेच जीवन चालू ठेवले त्यांच्यातल्या शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला. आहार आणि चालणे सांभाळणाऱ्यांत ३९ जणांना. आणि विशेष हे, की सांभाळणाऱ्यांचे वजन म्हणण्यासारखे घटले नव्हते. काटा जागेवर, आणि तरीही सोळा माणसे वाचली.

हे मी दोनदा विचारून खात्री करून घेतले. म्हणजे ज्या साडेतीन महिन्यांत मी स्वतःला नापास समजत होते, त्या दिवसांतही काही जमा होत होते. फक्त ते माझ्या काट्यावर उमटत नव्हते. दुकानाच्या काट्यावर ओलावा दिसत नाही, त्याला वेगळे यंत्र लागते. हे कळायला आडत्याच्या बायकोला एवढा काळ लागावा!

आता मी आठवड्यातून एकदाच काट्यावर उभी राहते, सोमवारी. स्नायू टिकवायला मुलीने व्यायाम दिला आहे. बार्शीच्या व्यायामशाळेत जायचा मला धीर नाही, ते खरे. पण इलेक्ट्रॉनिक काटे आल्यापासून दुकानाच्या माळ्यावर दोन-दोन किलोची जुनी लोखंडी वजने धूळ खात पडली होती, ती कापडी पिशव्यांत घालून दोन्ही हातांनी उचलते. पहिल्या दिवशी दहा वेळा उचलून दंड भरून आले. सासऱ्यांच्या हातची ती वजने. त्यांच्यावरचे जुने शिक्के अजून वाचता येतात. जेवणात धान्य कमी आणि मूग, चवळी, मसूर जास्त. मोड न आणता, कारण सासूबाईंना मोडाची कडधान्ये चालत नाहीत. लग्नकार्ये आली की दोन किलो वाढतात आणि ते उतरायला दोन महिने लागतात. या हिवाळ्यात तर मी पंधरा दिवस वही उघडलीच नाही.

गेल्या वर्षी कार्तिकी पौर्णिमेनंतर पुन्हा पालिताण्याला गेलो. वजन ७०.९. काठी घेऊन, दर शंभर पायऱ्यांना थांबत, मी पायी चढले. चार तास लागले. उतरताना गुडघे बोलू लागले आणि निम्म्या वाटेवर डोली करावी लागली. दोन माणसांची. खाली तळेटीवर भात्याचा लाडू हातात पडला तेव्हा मी त्यातला अर्धा मोडून सासूबाईंना देऊ लागले. त्या म्हणाल्या, "आज पूर्ण खा." मी खाल्ला.

परवा संध्याकाळी मी कणीक भिजवत होते. सासूबाई नेहमीप्रमाणे दारात येऊन परातीकडे पाहत उभ्या राहिल्या. मला वाटले, आता काही बोलतील. त्यांनी खिडकीतून उन्हाचा अंदाज घेतला आणि विचारले, "दोन मापे घेतलीस ना? आज मला एकच पोळी हवी."